अॅम्प्लिफायरवरची फुलदाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात एका नव्या बंगल्यातील संगीताच्या खोलीवर सचित्र लेख आला होता. त्यावर नंतर दोन वाचकांची पत्रे छापून आली. पहिल्या पत्रलेखकांचे म्हणणे असे की, लाखो रुपयांची ही यंत्रे म्हणजे दिवाणखान्यात मांडून ठेवलेली श्रीमंती असून त्यांच्या रूपाचा गाण्याशी काडीचाही संबंध नाही. दुसऱ्यांनी त्यांचा प्रतिवाद करताना, आवाज उत्तम असल्याशी कारण, मग स्पीकरची पेटी साध्या प्लायवूडची असली तरी बिघडत नाही, असे लिहिले. दोघे एकमेकांशी भांडत असले तरी रूप ही आवाजावर वरून घातलेली झूल आहे, हे दोघांनीही धरूनच चालले आहे. मी फोंड्यात पस्तीस वर्षे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि अॅम्प्लिफायर (आवाज मोठा करून स्पीकरला पुरवणारे यंत्र) यांच्या दुरुस्तीचे दुकान चालवले. आता दुकान बंद केले असले तरी जुनी गिऱ्हाइके अजून घरी यंत्रे आणून ठेवतात. अशा यंत्रांची झाकणे उघडण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे गृहीत पटणे कठीण आहे. ते का, हे सांगण्यासाठी नेहमीच्या पत्रापेक्षा थोडी जास्त जागा मागत आहे.

लेखातील छायाचित्रात जो अॅम्प्लिफायर दिसतो, त्याच्या दोन्ही अंगांना विळीच्या पात्यांसारखे उभे काळे पंख आहेत. लेखात त्यांचे वर्णन ‘आक्रमक शिल्प’ असे केले आहे. वर्णन वाचायला छान असले तरी ती वस्तू म्हणजे हीटसिंक, यंत्राची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग. ‘क्लास ए’ पद्धतीच्या अॅम्प्लिफायरमध्ये गाणे चालू असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून वीज सतत वाहत असते. अगदी कागदावरच्या हिशेबातसुद्धा त्या विजेतील निम्म्याहून अधिक भाग आवाजात उतरू शकत नाही, आणि गायक श्वास घ्यायला थांबला की त्या क्षणापुरती सगळीच्या सगळी उष्णता होऊन बसते. ती हवेला देऊन टाकायची तर धातूचा पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणून पंख काढायचे. तापलेली हवा वर चढते, म्हणून ते उभे ठेवायचे. आणि दोन पंखांमधून ती हवा मोकळी वाहिली पाहिजे, म्हणून त्यांच्यात ठरावीक अंतर राखायचे. छायाचित्रात आपल्याला जी लय दिसते ती या अंतराची आहे. याउलट हल्लीचे ‘क्लास डी’ अॅम्प्लिफायर नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी लावतात आणि हाताला जेमतेम कोमट लागतात. त्यांना एवढ्या पंखांचे काही काम नसते. तरीही काही उत्पादक अशा यंत्रांच्या अंगालाही जाडजूड पंख चिकटवतात, आणि तेथे मात्र पहिल्या पत्रलेखकांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

वजनाचेही असेच. चांगल्या अॅम्प्लिफायरचे निम्मे वजन त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे असते. लोखंडी गाभा आणि त्याभोवतीची तांब्याची गुंडाळी यांना हलके करण्याची युक्ती जुन्या पद्धतीच्या यंत्रांत तरी नाही, आणि तो भार पेलायचा म्हणून तळाचा पत्राही जाड घ्यावा लागतो. त्यामुळे उचलताना कंबर धरली तर यंत्र चांगले, असा एक समज गिऱ्हाइकांत पसरला, आणि समज पसरला की त्याचा धंदा करणारेही निघतात. काही वर्षांपूर्वी आखातातून कायमचे परतलेले एक गृहस्थ त्यांचा महागडा अॅम्प्लिफायर घेऊन माझ्याकडे आले होते. दर्शनी पट्टी बोटभर जाडीच्या अॅल्युमिनियमची, चारही कोपरे दाढी केल्यासारखे गुळगुळीत. झाकण काढले तर आतील ट्रान्सफॉर्मर नारळाच्या करवंटीएवढा, आणि त्याच्या बाजूला तळाशी चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली एक लोखंडी फळी. तिला ना तार जोडलेली, ना तिच्यावर काही बसवलेले. मी ती काढून शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर ठेवली, तर सव्वाचार किलो भरली. गिऱ्हाईक बराच वेळ काट्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, “ही परत बसवू नका.” कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. ती फळी मात्र अजून माझ्याकडे आहे आणि चवथीला गणपतीच्या माथ्यावर टांगायच्या माटोळीची दोरी ताणून बांधण्यासाठी दरवर्षी उपयोगी पडते.

आमच्या जुन्या घरात चौकीच्या कडेला कर्ण्याचा ग्रामोफोन असे. त्या कर्ण्याचा फुलासारखा उमललेला आकार शोभेसाठी आहे की आवाजासाठी, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसता, कारण सुईची बारीक थरथर खोलीभर ऐकू जाईल एवढी मोठी करण्याचे काम तो आकारच करीत होता. पुढे विजेचे अॅम्प्लिफायर आले, कागदी कोनाचे स्पीकर आले, आणि यंत्राला स्वतःचे असे तोंड उरले नाही. मग ते लाकूडकामात शिरले. पॉलिश केलेले व्हिनियर (लाकडाचा पातळ थर), सोनेरी धाग्याचे कापड आणि खाली चार निमुळते पाय असलेले रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत) तारवटी मंडळींनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांनी, सासष्टी-बार्देशातील कितीतरी घरांत आणले. दुरून पाहिले तर ते कपाटच वाटे. त्यावर क्रोशाचे कापड अंथरून सांताचा, म्हणजे ख्रिस्ती संताचा, फोटो किंवा लग्नातला फोटो ठेवण्याची पद्धत तेव्हापासूनची. आजच्या अॅम्प्लिफायरवर फुलदाणी ठेवण्याच्या सवयीचे मूळ तेथे असावे, असा माझा कयास आहे.

या लाकडी सोंगाला पहिला मोठा नकार जर्मनीतून आला. ब्राउन कंपनीने १९५६ साली ‘एसके ४’ नावाचा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर यांचा एकत्र संच काढला. हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स या दोघांच्या हातचे ते काम. पांढरा पत्रा, दोन्ही टोकांना फिकट लाकडाच्या फळ्या, समोर आवाज बाहेर येण्यासाठी सरळ रेषेत कापलेल्या खाचा, आणि वर पारदर्शक अॅक्रिलिकचे झाकण. हे झाकण पाहून लोकांनी त्या संचाला ‘हिमगौरीची शवपेटी’ असे नाव ठेवले. यातील गमतीची गोष्ट अशी की आधीचा विचार पत्र्याच्या झाकणाचा होता, पण आवाज वाढवला की ते पत्र्याचे झाकण थरथरे, म्हणून अॅक्रिलिक घेतले गेले. म्हणजे पुढे जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरांनी ज्याची नक्कल केली, त्या रूपाचा उगम खडखडाट थांबवण्यात आहे. आपल्याकडे या झाकणाला आणखी एक काम लागले. डिचोली-सांग्याकडील खाणपट्ट्यातून येणारी तांबडी धूळ तबकडीच्या खाचेत बसू न देणे, हे काम त्या जर्मन मंडळींच्या ध्यानीमनी नसेल, पण झाकणाने ते चोख केले.

डेन्मार्कच्या स्ट्रुएर गावातील बँग अँड ओलुफसन ही कंपनी १९२५ सालची. तिच्यासाठी याकोब येन्सन यांनी आखलेला ‘बिओग्राम ४०००’ हा रेकॉर्ड प्लेअर १९७२ साली आला, आणि १९७८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने येन्सन यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. हा रेकॉर्ड प्लेअर पाहणाऱ्याला प्रथम काय जाणवते, तर त्याची सुईची दांडी नेहमीसारखी एका खुंटीभोवती फिरत नाही, ती सरळ रेषेत आत सरकते. तबकडी कापणाऱ्या यंत्राची सुईही अशीच सरळ सरकते, त्यामुळे वाजवणाऱ्या सुईनेही त्याच वाटेने जावे, हा त्यामागचा विचार. त्या दांडीशेजारी तिच्यासारखीच दुसरी दांडी असते. ती प्रकाशाच्या साह्याने थाळीवर तबकडी आहे की नाही आणि असल्यास केवढी, हे ओळखते. दोन समांतर रेषांचे ते देखणे चित्र असे दोन वेगवेगळ्या कामांतून उभे राहिले. या यंत्राबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती दुरुस्ती करणाऱ्याची आहे. इतक्या सपाट आणि सलग पृष्ठभागाखाली जे काही आहे, तेथे हात पोचवणे सोपे नसते. बाहेरून एकही स्क्रू दिसू नये, हा हट्ट पाहणाऱ्याला सुखावतो खरा, पण दहा वर्षांनी ते यंत्र उघडणाऱ्याच्या वाट्याला येणारा घाम त्यात कोणी मोजत नाही.

आता दुसऱ्या पत्रलेखकांच्या प्लायवूडच्या पेटीकडे वळतो. प्लायवूडबद्दल माझे काही म्हणणे नाही. ते स्पीकरसाठी उत्तम आहे. पण ‘पेटी कशीही असली तरी चालेल’ हे चालत नाही, आणि याचा पुरावा फार जुना आहे. अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५० च्या सुमारास एकच स्पीकर वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून आवाज मोजला. त्यात गोलाच्या आकारातील पेटीतून आवाज सर्वांत सपाट, म्हणजे कमीत कमी चढउताराचा मिळाला, आणि घनाकृती पेटीची गत वाईट झाली. कारण असे की पेटीच्या तीक्ष्ण कडेवर आपटून आवाज पुन्हा विखुरतो आणि मूळ आवाजात मिसळतो. स्पीकर कडांपासून सारख्याच अंतरावर असेल, तर सगळा विखुरलेला आवाज एकाच वेळी येऊन ठरावीक स्वरांवर खड्डे पाडतो. आज महागड्या स्पीकरांच्या कडा गोलावलेल्या आणि अंगे निमुळती दिसतात, त्यामागे हे आहे. सुताराला विचारा, अशी एक कड गोल करायला किती वेळ लागतो आणि तो वेळ बिलात कुठे दिसतो.

या बाबतीत गोवेकराला तर परक्या उदाहरणाचीही गरज नाही. २०१९ साली राज्याने ज्याला वारसा वाद्याचा मान दिला, ते आपले घुमट घ्या. मातीचा मडक्यासारखा घट, रुंद तोंडावर ताणलेले चामडे आणि दुसरीकडे उघडे ठेवलेले लहान तोंड. पूर्वी चामडे घोरपडीचे असे. घोरपडीला कायद्याचे संरक्षण असल्याने आता बकरीचे वापरतात. वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंडावर ठेवतो आणि उचलतो, त्याबरोबर आतील हवेचा घुमारा बदलतो. स्पीकरच्या पेटीला मागे किंवा पुढे जे गोल भोक असते, ज्याला धंद्यात ‘पोर्ट’ म्हणतात, त्याचे काम जवळजवळ हेच. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली त्या रचनेचे पेटंट मिळाले. भोकाचा व्यास, नळीची लांबी आणि पेटीतील हवेचे आकारमान यांचा हिशेब जमला तर खर्ज भरून येतो, आणि चुकला तर ढोल फुटल्यासारखा भकभक आवाज येतो. घुमट घडवणाऱ्या कुंभाराला आपण कधी विचारत नाही की मडक्याचा हा गोल पोटाचा आकार तू केवळ दिसण्यासाठी केलास का.

ब्रिटनच्या बोवर्स अँड विल्किन्स कंपनीचा १९९३ सालचा ‘नॉटिलस’ स्पीकर ज्यांनी चित्रात पाहिला असेल, त्यांना तो समुद्रातून वर आलेल्या शंखासारखा वाटला असेल आणि त्यांनी ती चैन समजून पान उलटले असेल. त्याचे अभियंते लॉरेन्स डिकी. स्पीकरचा कोन पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो, आणि मागचा आवाज पेटीच्या भिंतीवरून परत फिरून कोनातून बाहेर येतो तेव्हा पुढच्या आवाजात गढूळपणा येतो. डिकी यांनी प्रत्येक कोनाच्या मागे हळूहळू निमुळती होत जाणारी नळी जोडली, जिच्यात मागचा आवाज जिरून जातो. वरच्या पट्टीच्या स्वरांना आखूड नळी पुरते, म्हणून त्या नळ्या सरळ मागे शिंगांसारख्या दिसतात. खर्जाची नळी मात्र फार लांब लागते. ती सरळ ठेवली तर खोलीतून बाहेर जाईल, म्हणून ती गुंडाळली, आणि गुंडाळलेल्या निमुळत्या नळीचा आकार शंखाचा होतो. देवघरातील शंखही गुंडाळलेली निमुळती नळीच असते.

याचा अर्थ प्रत्येक दिसणाऱ्या गोष्टीला आवाजाचेच कारण असते असे मात्र मी म्हणत नाही. मॅकिंटॉश या अमेरिकन कंपनीच्या अॅम्प्लिफायरची काळी काच आणि निळ्या उजेडात हलणाऱ्या सुया प्रसिद्ध आहेत. काचेचे कारण मला माझ्या कामातून पटते. त्यावरील अक्षरे काचेच्या मागच्या बाजूने छापलेली असतात, त्यामुळे वर्षानुवर्षे बोटे फिरली तरी ती पुसली जात नाहीत. इतर यंत्रांवर ‘व्हॉल्यूम’ हा शब्द सर्वांत आधी पुसला जातो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. सुयांबद्दल मात्र मन थोडे द्विधा आहे. रेडिओ केंद्रांसाठी १९३९ च्या सुमारास ठरलेल्या व्हीयू मीटरच्या, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरच्या, सुईला आपल्या जागी पोचायला एका सेकंदाचे तीन दशांश लागतात. तबल्यावरची थाप त्याआधीच उमटून विरलेली असते. मॅकिंटॉशचे मीटर याहून चपळ असतात, पण बाजारात जी असंख्य यंत्रे केवळ सुया दिसाव्यात म्हणून मीटर लावतात, त्यांतील सुई गाण्याच्या मागून धावत येते आणि तिच्यावरून आवाजाची कमाल पातळी कळत नाही. असे असूनही रात्री दिवा मालवून भैरवी ऐकताना ती सुई डुलताना पाहायला मला आवडते. ही हौस आहे आणि हौसेला पैसे मोजायला माझी हरकत नाही. फक्त विकणाऱ्याने तिला मोजमाप म्हणू नये.

डोळ्यांना दिसणारे आणि तरीही काटेकोर मोजमाप पाहायचे असेल, तर टेक्निक्सच्या १९७२ साली आलेल्या ‘एसएल-१२००’ या रेकॉर्ड प्लेअरच्या थाळीच्या कडेवरील ठिपके पाहावेत. शेजारच्या लुकलुकत्या दिव्यात ते ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसले की वेग बरोबर. जरा जरी सरकताना दिसले तरी वेग चुकलेला. माझ्या दुकानात हेच काम मी कागदी चकतीने करीत असे. आपल्या विजेची वारंवारता सेकंदाला पन्नास, म्हणजे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या तबकडीसाठी त्या चकतीवर १८० काळ्या रेघा आखायच्या. थाळीवर चकती ठेवून ट्यूबलाइट लावली की रेघा फिरता फिरता अचानक गोठल्यासारख्या उभ्या राहत. दुकानात गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या लहान मुलांना ही जादू वाटे, आणि काही मुले केवळ ती पाहायला पुन्हा येत. घरात एलईडी दिवे आल्यापासून ती चकती बऱ्याच ठिकाणी निकामी झाली, कारण चांगला एलईडी तसा लुकलुकतच नाही.

एवढे सगळे झाल्यावर आता खरी तक्रार. ही यंत्रे जेथे आखली जातात, त्यांतील बऱ्याच ठिकाणची हवा आपल्यापेक्षा थंड आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि आषाढात घराची लादीसुद्धा घामेजते. या हवेत यंत्राचे काय होते, ते रूप आखणाऱ्याच्या हिशेबात क्वचितच असते. मागे एका तरुणाने आणलेल्या अॅम्प्लिफायरच्या बटणांवर मखमलीसारखा मऊ रबरी लेप होता. दुकानात हात लावल्यावर याच स्पर्शाला भुलून आपण तो घेतला, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. दुसऱ्या पावसाळ्यात तो लेप फणसाच्या चिकासारखा झाला. बोट लावले की बोटाचा ठसा बटणावर आणि बटणाचा काळा डाग बोटावर. हवेतील ओलाव्याने या जातीच्या लेपाची साखळीच तुटत जाते, आणि एकदा तो वितळू लागला की परत घट्ट होत नाही. त्याच्या आईने, फणस कापताना हाताला लावतात तसे, बटणांना खोबरेल तेल लावून पाहिले होते. त्या तेलात आठवडाभराची धूळ बसलेल्या अवस्थेत ते माझ्याकडे आले. मी स्पिरिटने पुसून सगळा लेप उतरवला, तेव्हा खाली साधे काळे प्लास्टिक निघाले, आणि ते आजतागायत उत्तम आहे.

अशीच दैना स्पीकरच्या कोनाभोवती असलेल्या फोमच्या कडेची होते. काही वर्षांत ती इतकी ठिसूळ होते की बोटाने दाबली तर चुरा हातात येतो. रबरी कड तुलनेने कितीतरी टिकते, पण माहितीपत्रकात या कडेविषयी सहसा एक अक्षरही नसते, रंगांच्या छटा मात्र पानभर असतात. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, पेटीचा तळ लादीतील ओल शोषून फुगतो आणि व्हिनियरची साल कडेपासून सुटू लागते. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा दर्शनी पट्टीला फार इजा करीत नाही, कारण अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा कठीण थर असतो. मात्र तो थर मायक्रॉनच्या मापात असल्याने एकदा ओरखडा पडला की तेथे खड्डे पडू लागतात. मागच्या बाजूचे स्क्रू तर साध्या लोखंडाचे असल्याने दोन वर्षांत तांबेरतात आणि उघडताना त्यांचे डोके उडते. समोरच्या पट्टीवर जेवढा खर्च केला, त्याचा शंभरावा हिस्सा मागच्या स्टेनलेस स्क्रूंवर केला असता तर बरे झाले असते, असे मी प्रत्येक वेळी मनात म्हणतो आणि ड्रिल हातात घेतो.

आणि पाल. हवा खेळण्यासाठी झाकणावर कापलेल्या खाचा काही उत्पादक इतक्या रुंद आणि ऐटदार करतात की पालीला आत शिरायला आमंत्रणच. यंत्र उबदार, आत अंधार, उजेडाला जमणारे किडे जवळच. ती आत जाऊन दोन जोडण्यांवर एकाच वेळी पाय ठेवते, आणि मग ती आणि यंत्र दोघेही जातात. माझ्या हिशेबाने फोंड्यात पावसाळ्यात अॅम्प्लिफायर बंद पडण्याच्या कारणांत विजेच्या चढउतारानंतर पालीचाच क्रमांक लागावा. आतून बारीक स्टेनलेस जाळी लावली तर बाहेरच्या रूपाला केसाचाही धक्का लागत नाही आणि हवाही अडत नाही. ओल, मीठ आणि पाल यांना तोंड देणे हाही रूप आखण्याचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे. जे दुसऱ्या आषाढात चिकटते त्याला सुंदर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ध्वनियंत्राच्या बाह्यांगाने आपला उपयोग किती स्पष्ट सांगावा, याचे मला ठाऊक असलेले सर्वोत्तम उदाहरण आपल्या तालुक्याशी जोडलेले आहे. केरीच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहां हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर आहे, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच. त्या तबकडीच्या अॅल्युमिनियमच्या वेष्टनाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. तबकडी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजणारी. तिच्यासोबत सुई आणि कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) दिलेले आहेत, आणि ज्याला आपली भाषा, घड्याळ वा विजेची वारंवारता यांपैकी काहीच ठाऊक नाही, अशा कोणासाठी वेष्टनावर रेघांनी कोरून ठेवले आहे की सुई कुठे ठेवायची आणि एक फेरी किती वेळात पुरी करायची. तो वेळ, ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूतील एका बदलाच्या कालावधीत मोजून दिला आहे. त्या वेष्टनावर शोभेची एकही रेघ नाही, तरीही मला ते फार देखणे वाटते. माझ्याकडे हल्ली येणाऱ्या काही महागड्या यंत्रांवर तर चालू करण्याचे बटण कुठे आहे, हे शोधायला मला चष्मा लावून तळाखाली हात फिरवावा लागतो. एकदा ते बटण खरोखरच तळाखाली सापडले.

हे पत्र लिहायला मुळात कारण झाले ते त्या लेखातील दुसरे छायाचित्र. त्यात तोच पंखांचा अॅम्प्लिफायर भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला आहे, पुढे काचेचे दार आहे, आणि यंत्राच्या माथ्यावर, नेमकी तापलेली हवा वर येण्याच्या जागी, पितळी फुलदाणीत अनंताची फुले ठेवली आहेत. फुले ताजी दिसतात, म्हणजे फुलदाणीत पाणी असणार. घराच्या मालकांना मी ओळखत नाही, म्हणून आपल्यामार्फत त्यांना विनंती करतो की मृगाच्या सरी येण्याआधी ती फुलदाणी तेवढी शेजारच्या स्टुलावर ठेवावी, गाणे चालू असेपर्यंत काचेचे दार उघडे ठेवावे, आणि यंत्राच्या वर निदान वीतभर जागा मोकळी सोडावी. कोनाडा लहान असल्यास सुताराला सांगून माथ्याची फळी काढून टाकली तरी चालेल. पंखांवर धूळ बसली असेल तर यंत्र बंद करून, थंड झाल्यावर, रंगाऱ्याच्या कोरड्या ब्रशने वरून खाली झाडावी. ओले फडके लावू नये.

आपला नम्र,
एक जुना वाचक,
फोंडा, गोवा